ख्रिस्तपुराणाची ओवी : गानांतून व रूपांतून ख्रिस्ती भक्तीचा बोध

१

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाविषयीं मराठींत आजवर जें लेखन झालें, त्याचे स्थूलमानानें दोन वर्ग पडतात. कांहींनीं भाषेचा विचार केला. मराठी व कोंकणी यांचें त्यांत कसें मिश्रण झालें आहे, रोमन अक्षरांत उतरलेले शब्द नागरींत कसे वाचावे, याची चिकित्सा केली. कांहींनीं पोर्तुगीज राजवटींतील धर्मांतर, मुद्रणकला व जेझुइट मंडळाचें कार्य यांच्या अनुषंगानें ग्रंथाकडे पाहिलें. दोन्ही विचार अवश्य आहेत. परंतु हा ग्रंथ रचला गेला तो जमलेल्या मंडळीपुढें मोठ्यानें म्हणण्यासाठीं. त्याच्या या गेय अंगाचा विचार त्या मानानें थोडा झाला आहे. प्रस्तुत लेखांत तोच करावयाचा आहे.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें : गोमंतक व महाराष्ट्र येथील ख्रिस्ती भक्तांस आपल्या धर्माचें मर्म आधीं सिद्धांतरूपानें कळलें आणि मागाहून त्यांनीं तें गाण्यांत व चित्रांत घातलें, असा क्रम सामान्यतः समजला जातो. उपलब्ध साधनें पाहतां हा क्रम उलट करावा लागतो. पुष्कळ ठिकाणीं तें मर्म त्यांस गानांतून व रूपांतूनच प्रथम गवसलें. आपल्या नवविधा भक्तींत श्रवण व कीर्तन यांस जें पहिलें स्थान दिलेलें आहे, त्याचेंच हें एक निराळ्या धर्मांतील प्रत्यंतर होय. हें मत ग्राह्य ठरल्यास हस्तलिखितें जमविणारांच्या नित्याच्या पद्धतींतहि कांहीं फरक करणें प्राप्त होईल. त्याचा विचार लेखाच्या शेवटीं केला आहे.

२

स्टीफन्स यांचा जन्म इंग्लंडांतील विल्टशायर परगण्यांत १५४९ च्या सुमारास झाला. १५७५ सालीं रोम येथें त्यांनीं जेझुइट मंडळांत प्रवेश केला, १५७९ च्या एप्रिलांत लिस्बन बंदर सोडलें आणि त्याच वर्षाच्या आक्टोबरांत ते गोव्यास उतरले. पुढचीं सुमारें ४० वर्षें, म्हणजे १६१९ सालीं मृत्यु येईपर्यंत, त्यांचें वास्तव्य बहुतांशीं साष्टी प्रांतांत झालें. ही साष्टी गोव्याची. ठाणें-मुंबईकडील साष्टी नव्हे. १५८३ सालीं आपल्या बंधूस लिहिलेल्या पत्रांत त्यांनीं इकडील भाषांचें ग्रीक व लॅटिन यांच्याशीं असलेलें साम्य नमूद केलें आहे. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृताविषयीं तसा विचार मांडला तो यानंतर दोनशें वर्षांनीं. इतका सूक्ष्म कान ज्याला होता, त्यानें मराठी ओवीकडे वळावें यांत नवल नाहीं.

परंतु ज्या काळीं हा ग्रंथ झाला, तो काळ सुखाचा नव्हता, हें प्रथमच स्पष्ट सांगितलें पाहिजे. साष्टींतील देवालयें १५६७ सालीं पाडण्यांत आलीं होतीं. गोव्यांत धर्मन्यायपीठ, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० पासून सुरू होतें. १५८३ सालीं कुंकळ्ळी येथें ग्रामस्थांनीं पांच जेझुइटांस ठार मारलें व त्याचें भयंकर प्रायश्चित्त त्या गांवास भोगावें लागलें. लोकांच्या घरांतील जुन्या पोथ्या बाळगणें हाच अपराध ठरला होता. ख्रिस्तपुराणाच्या आरंभीं कवीनें जो प्रसंग योजिला आहे, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवरच लागतो. नव्यानें ख्रिस्ती झालेल्यांपैकीं एक जण गुरूस विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें वाचण्याची मनाई झाली, तर त्यांच्या जागीं वाचावयास दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं? सारा ग्रंथ या प्रश्नाचें उत्तर म्हणून उभा आहे.

या प्रश्नाकडे वाचकांनीं बारकाईनें पाहावें अशी विनंती आहे. श्रोत्याजवळ धर्माची शिकवण नाहीं असें नव्हे. प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासाचीं कलमें हीं त्याला पाठ करविलेलीं आहेतच. तरी तो म्हणतो कीं आम्हांस पुराण पाहिजे. संध्याकाळीं चार माणसें बसून जें म्हणावयाचें, ज्यांत कथा आहे, ज्याला चाल आहे, तें त्याच्यापासून हिरावलें गेलें आहे, आणि त्याची उणीव शिकवणीनें भरून निघत नाहीं. ओवीचा नाद त्या मुलखांत नवा नव्हताच. साष्टींतल्याच केळशी गांवच्या कृष्णदास शामा यानें १५२६ सालीं ओवीबद्ध श्रीकृष्णचरित्रकथा रचिली होती. म्हणजे स्टीफन्स गोव्यास येण्यापूर्वीं अर्धशतक तरी त्या गांवांचा कान पुराणाच्या ओवीनें घडलेला होता.

३

ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथील मुद्रणालयांत प्रथम छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आवृत्त्या निघाल्या. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणांत सृष्टीची उत्पत्ति, मनुष्याचें पतन आणि उद्धारकाची वाट पाहणें हा भाग असून त्याचे ३६ अवस्वर आहेत. दुसऱ्यांत ख्रिस्तचरित्र असून त्याचे ५९ अवस्वर आहेत. एकूण ओव्यांची संख्या ११,००० च्या आसपास जाते. ओवीची घडण आपल्या परिचयाची आहे : तीन चरण यमकानें बांधलेले व चौथा आखूड, यमकाविण सुटा.

स्टीफन्स यांचीच दुसरी एक कृति येथें तुलनेस घ्यावी. त्यांनीं कोंकणी भाषेंत प्रश्नोत्तररूप ख्रिस्ती शिक्षणाची पोथी लिहिली. ती त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ सालीं रायतूर येथेंच छापली गेली. त्या पोथींत गुरु व शिष्य यांच्या प्रश्नोत्तरांतून धर्माचीं तत्त्वें एकामागून एक सांगितलीं आहेत. उत्तरें नेमकीं, आटोपशीर व पाठ करण्याजोगीं आहेत. पुराणांतहि प्रश्न येतात. परंतु तेथें प्रश्न उठतो तो कथेंतून, आणि उत्तर मिळतें तेंहि कथेच्या ओघांत. पोथींतला शिष्य उत्तर जाणतो. पुराणांतला श्रोता त्या उत्तरापर्यंत चालत जातो. एकाच माणसानें, एकाच लोकांसाठीं, एकाच धर्माचीं हीं दोन पुस्तकें लिहिलीं. पहिल्या प्रकारच्या पुस्तकानें भागत नाहीं हें त्यास उमगल्यावांचून त्यानें अकरा हजार ओव्यांचा खटाटोप केला नसता.

आतां ओवी हें काम कसें करते तें पाहूं. येथें प्रस्तुत लेखकास स्वतःची एक चूक सांगणें भाग आहे. आमचें शिक्षण संस्कृतांत झालें. गण, मात्रा व यति मोजण्याची संवय लहानपणापासून हाडीं मुरलेली. शाळेंतून निवृत्त झाल्यावर ख्रिस्तपुराण प्रथम हातीं घेतलें, तेव्हां पेन्सिलीनें चरणांचीं अक्षरें मोजीत आम्हीं तें वाचलें आणि समासांत जागोजाग 'न्यूनाक्षर', 'अधिकाक्षर', 'चतुर्थ चरण भग्न' असे शेरे मारले. परकीय कवीला आपला छंद पुरता साधला नाहीं, असा निकालहि मनांत देऊन टाकला. ओवी हा मुळीं अक्षरसंख्येनें बांधलेला छंद नव्हे, हें ज्ञानेश्वरी शिकवितांना वर्गांत शेकडों वेळां सांगितलें होतें. पण स्वतः वाचतांना त्याचा विसर पडला.

पुढें कांहीं वर्षांनीं वसईकडे एका परिचितांच्या घरीं जाण्याचा योग आला. उपवासकाळाचे दिवस होते. त्यांच्या घरांतील एका अतिवृद्ध आजीबाईंनीं ख्रिस्ताच्या दुःखसहनाच्या कांहीं ओव्या म्हणून दाखविल्या. त्या कोणत्या ग्रंथांतील, हें त्यांस सांगतां येईना. आपल्या वडिलांकडून ऐकल्या इतकेंच त्या सांगत. त्यांस अक्षरओळख नव्हती. पहिले तीन चरण त्या एका पट्टींत, जात्यावरच्या ओवीप्रमाणें एकामागून एक सोडीत. चौथ्या चरणास आवाज खालीं येई, शेवटचें अक्षर लांबत जाई आणि मग थोडा वेळ कांहींच नाहीं. त्या स्तब्धतेंत घरांतील दुसरीं माणसें मान हलवीत किंवा डोळे पुशीत. मग पुढची ओवी. मींहि त्या वेळीं वही मिटून ठेवली.

घरीं परतल्यावर ख्रिस्तपुराण पुन्हां काढलें व त्या चालीवर मोठ्यानें म्हणूं लागलों. जेथें जेथें 'भग्न' असा शेरा मारला होता, तेथें तेथें बहुतेक श्वासाची जागा निघाली. चौथा चरण आखूड आहे तो अपुरा राहिला म्हणून नव्हे. तीन चरणांनीं जें पुढें आणून ठेविलें, तें ऐकणाराच्या पदरांत पडावें यासाठीं तो थांबतो. डोळ्यांनीं वाचणारास ही थांबण्याची जागा दिसतच नाहीं. तो पुढच्या ओळीवर गेलेला असतो. आनंदवर्धनाचार्यांनीं काव्याचा आत्मा ध्वनि असें म्हटलें. वाच्यार्थ संपल्यावर जो अर्थ मनांत घुमतो तो ध्वनि. ओवींत त्या घुमण्यासाठीं प्रत्यक्ष काळाची जागा राखून ठेवलेली असते. बोध होतो तो त्या जागेंत. ते पेन्सिलीचे शेरे आम्हीं खोडले नाहींत. आपली चूक आपल्या दृष्टीसमोर असावी म्हणून तसेच ठेविले आहेत.

शब्दांच्या निवडीविषयींहि हेंच म्हणतां येईल. स्टीफन्स स्वर्गासाठीं 'वैकुंठ' हा शब्द सर्रास वापरतात. याला केवळ भाषांतराची सोय म्हणणें पुरेसें नाहीं. ऐकणाराच्या कानांत त्या शब्दाभोवतीं पिढ्यानुपिढ्यांची ओढ सांठलेली होती. तीच ओढ नव्या कथेच्या मागें उभी राहिली. कोशांतील अर्थ बदलला, पण शब्दाचा सूर बदलला नाहीं. आणि नव्या अर्थाकडे जाण्याची वाट त्या सुरानेंच दाखविली.

४

कोणी म्हणेल कीं, हें सर्व आमिष होतें. मासा गळाला लागावा म्हणून ओवी लावली. हा आक्षेप हलका नाहीं. ज्या राजवटीनें जुन्या पोथ्या जाळल्या तिच्याच आश्रयानें ही पोथी छापली गेली, हें वर सांगितलेंच आहे. परंतु आमिषाची एक खूण असते : काम झाल्यावर त्याची गरज उरत नाहीं. येथें इतिहास निराळें सांगतो. १६८४ सालीं पोर्तुगीज विजरईनें देशी भाषा टाकून पोर्तुगीज वापरण्याचा हुकूम काढला. म्हणजे राज्यकर्त्यांस आतां ओवी नको होती. ओवी तरी राहिली. गोव्यांतून कानडा मुलखांत गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनीं ग्रंथाच्या प्रती हातानें उतरून घेतल्या. १७८४ सालीं टिपूनें मंगळूरकडील ख्रिस्ती लोकांस धरून श्रीरंगपट्टणास नेलें. १७९९ पर्यंत चाललेल्या त्या बंदिवासांत ख्रिस्तपुराणाच्या ओव्या हाच त्यांचा आधार होता, अशी परंपरा त्या समाजांत सांगितली जाते. ज्या वेळीं चर्च नाहीं, पाद्री नाहीं, सत्तेचा पाठिंबा नाहीं, त्या वेळीं माणूस जें म्हणतो, तें त्याचें स्वतःचें झालेलें असतें.

ओवीची ही प्रथा एकट्या स्टीफन्सांपुरतीहि नव्हती. फ्रेंच जेझुइट एत्येन द ला क्रुआ यांनीं संत पेत्रूच्या चरित्रावर मोठें ओवीबद्ध पुराण रचिलें व तें १६२९ पासून गोव्यांत छापलें गेलें. फ्रांसिस्कु वाझ द गिमारांइश यांचा ख्रिस्ताच्या दुःखसहनावरील ओवीग्रंथ १६५९ सालीं छापला; वसई-मुंबईकडील ख्रिस्ती लोकांत 'पुराण' म्हणून प्रसिद्ध झाला तो हा.

५

आतां हस्तलिखितांकडे वळूं. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकांतील तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाचीहि छापील प्रत आज उपलब्ध नाहीं. जें आपल्या हातीं आलें तें हातानें उतरून घेणारांमुळें आलें. अशा रोमन लिपींतील प्रतींच्या आधारें जोसेफ साल्ढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें ग्रंथ पुन्हां छापला. लंडनच्या प्राच्यविद्याशाळेंतील मार्सडेन संग्रहांत असलेल्या देवनागरी प्रतीकडे जस्टिन ॲबट यांनीं १९२३ च्या सुमारास विद्वानांचें लक्ष वेधलें. शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ति १९५६ सालीं, कारिदाद द्रागो यांची १९९६ सालीं व नेल्सन फाल्काव यांची २००९ सालीं निघाली.

रोमन लिपि कां वापरली, याचें उत्तर स्टीफन्स यांच्याच १६०८ च्या पत्रांत मिळतें. देशी अक्षरांत छापण्याची त्यांची इच्छा होती व त्यासाठीं त्यांनीं वरिष्ठांकडे परवानगी मागितली. परंतु युरोपीय लिपीस २४ ठसे पुरतात तेथें इकडील जोडाक्षरी लिपीस सुमारें ६०० ठसे लागतील, ही अडचणहि त्यांस ठाऊक होती. म्हणून ग्रंथ रोमन अक्षरांत छापला गेला. या गोष्टीची हळहळ वाटणें साहजिक आहे. परंतु गेयतेच्या दृष्टीनें तिचा एक अकल्पित लाभ झाला. नागरी लेखक परंपरेनें ठरलेलें शुद्धलेखन लिहितो. रोमन अक्षरांत लिहिणाऱ्यास कानाला जें येईल तें लिहावें लागे. त्या लेखनांत मूर्धन्य वर्ण दाखविण्यासाठीं अक्षराचें द्वित्व करीत : 'पुराण' शब्दांत 'न'चें अक्षर दोनदां लिहिलें कीं 'ण' वाचावा. तसेंच 'पैलें', 'दुसरें' अशा नपुंसकलिंगी शब्दांच्या शेवटीं 'म'चें अक्षर येतें. तें अर्थातच अनुस्वाराचें चिन्ह होय. आज ज्या अंत्य अनुस्वारास केवळ लेखनाचा अलंकार समजतात, तो सतराव्या शतकांत साष्टींतील माणसाच्या नाकांतून प्रत्यक्ष उमटत होता, याची ही साक्ष आहे. ओवीचा चौथा चरण अशा अक्षरावर येऊन थांबला म्हणजे तो कसा घुमत असेल, हें ज्यानें ऐकलें असेल त्यास निराळें सांगावयास नको.

६

जें कानाच्या बाबतींत घडलें, तेंच त्याच शतकांत व त्याच प्रांतांत डोळ्यांच्या बाबतींतहि घडलें. सतराव्या शतकांत गोव्याकडे घडविलेल्या हस्तिदंती मूर्तींत 'बों पास्तोर', म्हणजे चांगला मेंढपाळ, या नांवाचा एक प्रकार आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया व आल्बर्ट संग्रहालयांत व इतरत्र याचे नमुने पाहावयास मिळतात. एका पायऱ्यापायऱ्यांच्या खडकाळ टेकडीवर बालवयाचा मेंढपाळ बसलेला असतो. खांद्यावर कोंकरूं, मांडीवर दुसरें. पाय एकमेकांवर ठेविलेले, एका हातावर गाल टेकलेला, डोळे अर्धोन्मीलित. खालीं झरा वाहतो व त्यावर पक्षी किंवा मेंढरें पाणी पितात. सर्वांत खालच्या कपारींत बहुधा मग्दालिया मरीया पडून चिंतन करीत असते.

मेंढपाळाची उपमा शुभवर्तमानांतील आहे. तेथें तो हरवलेलें मेंढरूं शोधीत हिंडतो. युरोपांतील चित्रांत तो उभा किंवा चालत असतो. गोव्याच्या कारागिरानें त्याला बसविलें आणि त्याचे डोळे मिटविले. बुद्धमूर्तीशीं या ध्यानस्थ बैठकीचें साम्य अनेकांनीं दाखविलें आहे. या बदलानें अर्थ बिघडला असें वाटत नाहीं. उलट मूळ उपमेंत दडलेला एक अर्थ वर आला. शोधणारा तोच स्थिर आहे. हरवलेला फिरून फिरून शेवटीं त्या स्थिरतेपाशीं येतो. हा अर्थ त्या कारागिरास कोणी पाद्रीनें सांगितला असेल असें मानण्याचें कारण नाहीं. पिढ्यानुपिढ्या ज्या हातांनीं ध्यानमूर्ति घडविल्या, त्या हातांस तो छिन्नी चालवितांना सांपडला. ओवीच्या चौथ्या चरणांत जी स्तब्धता आहे, तीच या मूर्तीच्या पापण्यांवर आहे.

७

यानंतर दोन शतकें ओलांडून देशावर येऊं. कारण हीच गोष्ट पुन्हां एकदां, अगदीं निराळ्या पंथांत, नव्यानें घडलेली तेथें दिसते. अमेरिकन मिशनचें काम अहमदनगरास १८३१ पासून सुरू झालें. हीं मंडळी प्रॉटेस्टंट. मूर्ति व उत्सव यांविषयीं साशंक. त्यांच्या उपासनेंत इंग्रजी चालींवर बसविलेलीं मराठी गीतें म्हटलीं जात. चालीचा आघात एका अक्षरावर व मराठी शब्दाचा दुसऱ्यावर, अशी ओढाताण त्यांत पदोपदीं होई. १८६० नंतरच्या दशकांत त्याच नगरांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनीं ख्रिस्ती कीर्तन उभें केलें. नमन, पूर्वरंग, उत्तररंग, आख्यान. आर्या, साकी, दिंडी, अभंग. टाळ व मृदंग. सर्व साज हरिदासी कीर्तनाचाच, विषय ख्रिस्तचरित्राचा. जो शेतकरी प्रवचन ऐकतांना पेंगत असे, तो आख्यानांत रात्रभर बसूं लागला.

या वाटेचा पूर्ण विकास नारायण वामन टिळक यांच्या हातून झाला. टिळकांचा जन्म १८६१ सालचा. बाप्तिस्मा १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस. मृत्यु १९१९ च्या मे महिन्यांत. ख्रिस्ताकडे येणाऱ्या आपल्या वाटेवर तुकारामाचें ऋण ते उघडपणें मान्य करीत. त्यांच्या भजनांनीं 'उपासना संगीत' या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाचा मोठा भाग व्यापला आहे. 'अभंगांजलि' ही त्यांची प्रसिद्ध रचना. 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य त्यांच्या हातून पुरें झालें नाहीं, तें लक्ष्मीबाईंनीं पुढें नेलें. १९१७ सालीं मिशनची नोकरी सोडून त्यांनीं सातारा येथें 'देवाचा दरबार' स्थापिला.

टिळकांच्या बाबतींत एक भेद लक्षांत ठेवावा. स्टीफन्स हे बाहेरून येऊन ओवी शिकले. टिळक अभंगांतच वाढलेले. स्टीफन्स यांस अगोदर कथा ठाऊक होती, तिला चाल शोधावयाची होती. टिळकांजवळ चाल जन्मापासून होती, तिच्यांत ख्रिस्त भेटला. अभंगांतील भक्त देवाशीं भांडतो, रुसतो, लेंकराप्रमाणें हट्ट घेतो. हा सलगीचा भाव इंग्रजी गीतांच्या भाषांतरांत येऊं शकत नव्हता, कारण मूळ गीतांत तो तशा रूपांत नव्हताच. टिळकांच्या अभंगांत ख्रिस्ताशीं ही सलगी आली, आणि मराठी ख्रिस्ती भक्ताला आपल्या प्रभूची एक बाजू नव्यानें दिसली. अभंगाच्या छंदावांचून ती दिसली असती असें आम्हांस वाटत नाहीं.

८

चित्रकलेंतील समांतर उदाहरण आंजेलो द फोन्सेका यांचें. जन्म १९०२ सालीं, तिसवाडींतील सांतेस्तेव्ह येथें. शिक्षणासाठीं ते शांतिनिकेतनास गेले व तेथें बंगाली चित्रकारांच्या नव्या संप्रदायांत तयार झाले. गोव्यास परतल्यावर त्यांनीं मरीयेस लुगडें नेसविलें, तिचा वर्ण सांवळा केला, तिला भुईवर बसविलें. गोव्यांतील कित्येकांस हें सहन झालें नाहीं. देवाची माता युरोपीय स्त्रीसारखीच असली पाहिजे, ही समजूत इतकी दृढ झाली होती कीं स्वतःच्या आईसारखी मरीया पाहणें हाच त्यांस अधर्म वाटला. फोन्सेका यांनीं गोवा सोडला व पुण्यास शिवाजीनगर येथील ख्रिस्तप्रेमसेवा आश्रमांत येऊन राहिले. १९२२ सालीं जॅक विन्स्लो यांनीं जो ख्रिस्तसेवासंघ काढला, त्यांतूनच हा आश्रम उभा राहिला होता. १९६७ च्या डिसेंबरांत फोन्सेका यांचा पुण्यास अंत झाला. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरी येथील झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्रांत आहे.

साष्टींतल्या श्रोत्यानें आपल्या पुराणासाठीं जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न या चित्रांत तीनशें वर्षांनीं पुन्हां उभा राहिला. फरक एवढाच कीं, पहिल्या वेळीं तो लोकांनीं पाद्रीस विचारला. दुसऱ्या वेळीं एका चित्रकारानें आपल्याच लोकांस विचारला, आणि उत्तर मिळण्यास त्याचें आयुष्य पुरलें नाहीं.

९

वरील विवेचन मान्य असो वा नसो, त्यावरून संग्राहकांस तीन विनंत्या कराव्याशा वाटतात.

पहिली : ख्रिस्ती पुराणाची एखादी जुनी प्रत हातीं आल्यास तिचा काळ, कागद व लिपि यांबरोबरच वापराच्या खुणाहि टिपाव्या. कोणतीं पानें अधिक मळलीं आहेत, कोठें मेणाचे किंवा तेलाचे डाग आहेत, कोठें कोणी श्वासासाठीं रेघ ओढली आहे, हें सर्व लिहून ठेवावें. प्रत साफ करण्याच्या भरांत तें पुसूं नये. पोथी कशी वाचली जात असे, याचा लेखी पुरावा कोठेंच नसतो. तो एवढाच असतो.

दुसरी : रोमन प्रतीचें नागरींत रूपांतर करतांना मूळचें अक्षरन् अक्षर बाजूस जसेंच्या तसें द्यावें. आजचें शुद्धलेखन त्यावर लादलें तर जो उच्चार चारशें वर्षें जपला गेला, तो एका पिढींत आपल्याच हातून नाहींसा होईल.

तिसरी व सर्वांत निकडीची : ज्या घरांतून प्रत मिळते, त्या घरांत कोणास चाल येते काय, याची चौकशी करावी, आणि येत असल्यास तिचें ध्वनिमुद्रण आधीं करून पोथी मागाहून न्यावी. पोथी आणखी शंभर वर्षें पेटींत राहूं शकेल. म्हणणारें माणूस राहणार नाहीं. वसईच्या ज्या आजीबाईंचा उल्लेख वर केला, त्यांचें म्हणणें ध्वनिमुद्रित करण्यासाठीं दुसऱ्या वर्षीं उपवासकाळांत जावयाचें आम्हीं ठरविलें होतें. त्या वर्षींच्या पावसाळ्यांतच त्या गेल्या. त्यांच्या ओव्यांपैकीं सात ओव्यांचे शब्द आमच्या वहींत आहेत. चाल आमच्या कानांत आहे तेवढीच. आणि हा कान आतां सत्तरीकडे झुकला आहे.